शवासनात पहिली

एकतीस वर्षं मी मुलींच्या शाळेत व्यायाम आणि योगासनं शिकवली. निवृत्त झाल्यावर घरी बसून सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसण्यापेक्षा मी बाहेर पडलेलं बरं, असं सुनेचं मत पडलं. माझंही तेच होतं. त्यामुळे इस्पितळातून बोलावणं आलं तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी जाऊन उभी राहिले.

तिथे वर्षानुवर्षं ज्यांचं दुखणं थांबत नाही अशांसाठी एक वेगळा विभाग आहे. त्या विभागाच्या डॉक्टरीणबाईंना तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी एक वर्ग काढायचा होता. दहा शनिवार, दुपारी तीन ते साडेचार. अर्धा वेळ योगासनं, अर्धा वेळ बोलणं. आसनं माझ्याकडे आणि बोलणं एका समुपदेशकाकडे.

"बोलायला वेगळा माणूस कशाला?" मी विचारलं. "मुलं एरवीही बोलतातच. मी एकतीस वर्षं त्यांना गप्प करत आले."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि मला कामावर घेतलं. त्यांना वाटलं मी विनोद केला.

समुपदेशक तिशीतला, सडपातळ, पावलांचा आवाज न करता चालणारा. दर दोन वाक्यांनंतर विचारायचा, "कसं वाटतंय?" मुलांनी दुसऱ्या आठवड्यात त्याचं नाव 'कसंवाटतंय' ठेवलं. मी पहिल्याच दिवशी ठेवलं होतं, फक्त मनात. मुलांनी माझंही नाव ठेवलं होतं, शिट्टीबाई. गळ्यातली शिट्टी मी शाळा सुटली तरी सोडलेली नाही. जित्याची खोड, दुसरं काय.

नावांची ही खोडी मुळात त्यानेच काढली होती. पहिल्या दिवशी तो मुलांना म्हणाला, "फाइलवरचं नाव दाराबाहेर ठेवा. आजाऱ्याचं नाव आहे ते. इथे हवं ते नाव घ्या." पाच जण होते. सांधे दुखणारा उंच मुलगा 'बांबू' झाला. डोकेदुखीवाली उजेड नको म्हणून टोपी डोळ्यांवर ओढून बसायची, ती 'टोपी'. पोटदुखीवाला आणि पाठदुखीवाला दोघं जुळे नसून जुळ्यांसारखे भांडायचे, ते 'एक' आणि 'दोन'. पाचवी मुलगी पंधरा वर्षांची. बाहेर रखरखीत ऊन, आणि हिच्या हातात लांब दांड्याची काळी छत्री. काठी म्हणून टेकत होती. खरी काठी घेतली तर लोक काय झालं म्हणून विचारतात, छत्री घेतली तर फार तर हसतात, हे तिचं गणित. ती 'छत्री'.

दीड वर्षापूर्वी शाळेच्या पायऱ्यांवर छत्रीचा उजवा पाय मुरगळला होता. प्लास्टर घातलं, काढलं, फोटो काढले. हाड ठीक, शिरा ठीक, सगळं ठीक. दुखणं मात्र जागचं हललं नाही. उजव्या पायात वडिलांची दोन मापं मोठी चप्पल घालून ती फरपटत यायची. एक वर्ष वाया गेलं होतं. शाळेने तेवढं थांबून पाहिलं, पण आता नव्या सत्राला ती वर्गात दिसली नाही तर तिचं नाव पटावरून कमी होणार होतं. सुरुवातीला अर्धा दिवस बसू द्यायला शाळा तयार होती, मात्र आमच्या डॉक्टरीणबाईंचं पत्र हवं होतं. आणि पत्र मिळणार होतं ते हे दहा शनिवार पार पडल्यावर.

पहिल्या दिवशी तिने समुपदेशकाला सरळ विचारलं, "म्हणजे माझं डोकं बिघडलंय म्हणून मला तुमच्याकडे पाठवलं?"

"नाही," तो म्हणाला. "दुखतोय तो पायच. पण दीड वर्ष दुखणं सोसून डोकंही थकतं. त्या थकव्यासाठी मी आहे."

उत्तर चांगलं होतं. मी त्याला तसं सांगितलं नाही.

त्याच दिवशी आम्हा दोघांना पाच फायली मिळाल्या. त्याने त्या रात्रीतून वाचल्या असणार, तसाच होता तो. मी माझ्या खणात टाकल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मान वर करून म्हणाले, "मी कागद वाचत नाही, अंग वाचते." हे वाक्य मला फार आवडायचं. शाळेतही मी ते वर्षातून एकदा तरी म्हणायचे.

इस्पितळाच्या व्यायामाच्या खोलीत गारठा असायचा. थंड हवेचं यंत्र सगळ्या मजल्याला मिळून एक, ते बंद करायची सोय नाही. गारठलेलं मूल शवासनात कधी स्थिर पडत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून मी वॉर्डातून पाच पातळ चादरी मागून घेतल्या. आसनं संपली की मुलं पाठीवर पडायची आणि मी प्रत्येकाला गळ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत स्वतःच्या हाताने पांघरूण घालायचे. नीट, कडा खोचून. त्या वेळी समुपदेशक शेजारच्या खोलीत खुर्च्या मांडत असायचा. शवासनात मला परका माणूस चालत नाही, असं मीच त्याला बजावलं होतं.

बांबूची बोटं चादरीखाली पियानो वाजवायची. एक आणि दोन एकमेकांना कोपरखळ्या मारायचे. टोपी दोन मिनिटांत कुशीवर वळायची. छत्री मात्र तसूभर हलायची नाही. तळवे वर, हनुवटी सरळ, श्वाससुद्धा दिसायचा नाही. आसनं ती खुर्चीवर बसून करायची, पाऊल जपत, आणि बेताचीच करायची. पण शवासन! एकतीस वर्षांत असं शवासन मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या शनिवारी मला राहवलं नाही.

"हिच्याकडे बघा," मी सगळ्यांना म्हटलं. "याला म्हणतात शवासन. शिका जरा हिच्याकडून."

तिचे कान लाल झाले. तेव्हापासून दर शनिवारी मी ते म्हणायला लागले.

शवासनानंतर मुलं खुर्च्यांकडे जायची आणि बोलणं सुरू व्हायचं. येताना आणि जाताना प्रत्येकाने एक चिठ्ठी लिहायची होती: शून्य ते दहा, आत्ता किती दुखतंय. चिठ्ठ्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्यात पडायच्या आणि डबा समुपदेशकाकडे जायचा. मी त्या बघायच्या नाहीत, असा नियम होता. मुलं मला खूश करायला आकडा कमी लिहितील म्हणे. मला तो नियम झोंबला होता.

सहा शनिवार झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावलं. चार मुलांचे आकडे थोडे थोडे उतरत होते. छत्रीचे उलटे. ती यायची तेव्हा पाच, जायची तेव्हा सात. नंतर पाच आणि आठ. मग सहा आणि आठ.

"कुठेतरी पाणी मुरतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

समुपदेशकाचा चेहरा उतरला होता. "शेवटचा भाग माझा असतो," तो म्हणाला. "आसनं करते, शांत पडते आणि मग माझ्याशी बोलून आकडा वाढवून घरी जाते. मीच काहीतरी उकरून काढतोय, जे तिला सोसत नाहीये."

मला वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

"बोलून बोलून दुखणं वाढतं, हे मी पहिल्या दिवसापासून सांगतेय," मी म्हटलं. "ती शवासनात किती शांत असते ते एकदा बघा तरी. तिला बोलणं नकोच. तोही वेळ शवासनाला द्या."

तसंच ठरलं. चौघं बोलायला जातील, छत्री पडून राहील. दहाची वीस मिनिटं. डॉक्टरीणबाईंनी वर एक गोष्ट सांगितली, "दोन शनिवार बघू. तरी आकडा वाढला तर तिला वर्गातून काढावं लागेल. तिला बरं वाटावं म्हणून आणलंय, आणखी दुखवायला नाही."

"आणि शाळेचं पत्र?" समुपदेशकाने विचारलं.

"जे झालंच नाही त्याचं पत्र कसं देणार?"

सातव्या शनिवारी दुपारी त्याचा फोन आला. तापाने घसा बसला होता. "बाई, आज बोलणं होणार नाही. चिठ्ठ्या तेवढ्या तुम्ही घ्या आणि आकडे मला कळवा."

आयतंच झालं म्हणायचं. आज कुणाचंच बोलणं नाही, सगळा वेळ माझा. हातच्या कांकणाला आरसा कशाला? आज छत्रीचा आकडा तीनवर आला की सोमवारी दोघांसमोर चिठ्ठी ठेवायची, असं मी ठरवूनच टाकलं. सगळ्यांनाच वीस मिनिटं शवासन दिलं. चौघं पंधराव्या मिनिटाला कंटाळून कुजबुजायला लागली. छत्री हलली नाही. "हिच्याकडे बघा," मी म्हटलं, त्या दिवशी जरा जास्तच जोरात.

मुलं गेल्यावर मी डबा उघडला. टोपी चारवरून तीन. बांबू तेवढाच. एक आणि दोन यांनी एकमेकांचं बघून लिहिलं असावं. छत्रीची शेवटची चिठ्ठी मी चष्मा पुसून दोनदा पाहिली. येताना पाच. जाताना नऊ.

आज ती कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. दोष द्यायला कसंवाटतंय तिथे नव्हताच.

छत्री अजून खोलीतच होती. तिची आई तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायच्या टेबलावर काम करते, शनिवारी तिला सुटायला उशीर व्हायचा. मी काहीच न सुचून चादरींच्या घड्या घालायला घेतल्या. छत्री उठली आणि तिने चादरीची दोन टोकं धरली.

"बस गं, मी घालते."

"बसून कंटाळा आला, बाई."

घडी घालताना दोघींनी टोकं जवळ आणली, तसा चादरीचा मधला झोळ खाली आला आणि तिच्या उजव्या पावलाला लागला. लागला म्हणजे नुसता चाटून गेला. मनगटाला अडकवलेली काळी छत्री सटकून खाली पडली. मुलीच्या तोंडातून आवाज आला नाही. ती जागच्या जागी थिजली. हनुवटी सरळ, श्वास बंद, चेहऱ्यावर काही नाही.

तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. सहा शनिवार मी तो इतरांना दाखवत होते.

"चादर लागली?" मी विचारलं.

तिने मानेनेच हो म्हटलं.

"चादरीने दुखतं?"

"चादरीनेच दुखतं, बाई. पाय टेकला तर त्यापेक्षा कमी. चादर, मोजा, पंख्याचा वारा. हलकं काही लागलं की आग होते."

"आणि मी दर शनिवारी..."

"हो."

"आज वीस मिनिटं?"

"आज वीस. आधी दहाच होती," ती म्हणाली. मला धीर देत असल्यासारखी.

"मग बोलली का नाहीस? तोंड शिवलं होतं का तुझं?" मी ओरडले. घाबरले की मी ओरडते, हा माझा जुना दोष आहे.

ती छत्री उचलायला वाकली, म्हणून तिचा चेहरा मला दिसला नाही. "दीड वर्ष सगळे म्हणतात मी नाटक करते," ती म्हणाली. "मामा म्हणतो. शाळेत म्हणतात. हाडांचे डॉक्टर आईला बाजूला घेऊन म्हणाले. जरा कळवळले की म्हणतात, झालं, हिचं सुरू झालं. तुम्ही पहिल्यांदाच म्हणालात की हिच्याकडे बघा, हिच्याकडून शिका. मग मी कशी हलणार?"

मी हातातली चादर बाजूला ठेवली.

"मी आकडे मोजते. सहाशेपर्यंत मोजलं की तुम्ही चादर काढता. आज सहाशे झाले तरी काढली नाही, म्हणून परत पहिल्यापासून मोजले."

मी चटईवर बसले. मूल अडखळलं तर त्याचा खांदा कसा धरायचा, मान अवघडली तर काय करायचं, सगळं मला येतं. यावर काय बोलायचं ते येईना. शेवटी तोंडातून निघालं, "कसं वाटतंय?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि खुदकन हसली. "बाई, तुम्ही पण?"

तेवढ्यात तिची आई आली. बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले, हातात डब्याची पिशवी. मी तिला विचारलं, "ही घरी पांघरूण कसं घेते?"

आईने आधी मुलीकडे बघितलं. "पायावर क्रेट आडवा ठेवतो. तळ काढलेला, दुधाच्या पिशव्यांचा. पांघरूण त्याच्यावरून घालतो, म्हणजे पायाला लागत नाही."

"अहो, मग हे मला कधी सांगणार होतात?"

"पहिल्या दिवशी तुमच्याच लोकांनी सही घेतली ना," ती म्हणाली. "पालकांनी मुलांच्या वतीने बोलायचं नाही, मुलांना बोलू द्यायचं. न्यायला येते तेव्हाही मी दाराबाहेर गप्प उभी राहते. आणि फाइलमध्ये तर सगळं लिहिलंय की."

त्या गेल्यावर मी खण उघडला. पहिलं पान, तिसरी ओळ, खाली लाल रेघ: उजव्या पावलाला हलका स्पर्शही सहन होत नाही, पांघरुणाचाही. कागद न वाचणाऱ्या बाईंसाठीच कुणी रेघ मारून ठेवली होती. मला लाज वाटली. इतकी लाज मला उभ्या नोकरीत कधी वाटली नव्हती.

आता रविवारचं सांगते, कारण तेही झालंच. जेवून आडवी पडले तेव्हा मनात आलं, कुणाला सांगायची गरजच काय? पुढच्या शनिवारी तिला चादर घालायची नाही, बस. आकडा आपोआप उतरेल. सगळ्यांना वाटेल बोलणं बंद केलं म्हणून उतरला. मी म्हटलं तेच खरं ठरेल, मुलीला पत्र मिळेल आणि कुणाचंच वाकडं होणार नाही. चांगला अर्धा तास मी या विचाराशी खेळले. मग लक्षात आलं की त्यासाठी त्या पोरीला आणखी एकदा गप्प बसायला सांगावं लागेल. माझ्यासाठी. सुनेने विचारलं, "आई, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "नाही." सून चाट पडली, कारण असं उत्तर माझ्याकडून तिने कधी ऐकलं नव्हतं.

सोमवारी मी दोघांना सगळं सांगितलं. चादर, फाइल, सहाशे, बाराशे. रविवारचंही. समुपदेशकाचं नाक अजून लाल होतं. त्याने रागवावं असं मला वाटत होतं. तो म्हणाला, "तुम्हाला कसं वाटतंय, बाई?"

"शिट्टी गिळल्यासारखं," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी पेनचं टोपण लावलं. "चादर काढणं सोपं आहे," त्या म्हणाल्या. "पण शाळेत काय होईल? पन्नास मुलांच्या वर्गात कुणाचं तरी दप्तर पायाला लागेल. ही तिथेही आकडे मोजत बसली तर आठ दिवसांत घरी परत येईल. आणि मग पुन्हा जाणार नाही. तिला 'थांबा' म्हणता आलं पाहिजे. तीन शनिवार आहेत. तेवढं जमलं तर पत्र मी तिथल्या तिथे देईन."

आठव्या शनिवारी बोलण्याच्या खुर्च्या मांडल्याच नाहीत. समुपदेशक माझ्या खोलीत भिंतीला टेकून बसला आणि मुलं पडल्या पडल्याच बोलायला लागली. छताकडे बघत ती जास्त बोलतात, हेही त्या दिवशी कळलं. मी एकेकाला विचारत गेले, "चादर हवी?" बांबू म्हणाला, हवी. टोपी म्हणाली, तोंडावर घाला. छत्रीने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. मला कुठलं उत्तर आवडेल ते शोधत होती.

"चालेल," ती म्हणाली.

"चालेल म्हणजे काय?"

"तुम्हाला हवी तशी."

मी चादर हातात घेऊन समुपदेशकाकडे वळले. त्याने एक सुचवलं आणि छत्रीला विचारून, ती हो म्हणाल्यावरच आम्ही ते केलं. मी चादर तिच्या कमरेपासून हळूहळू खाली न्यायची. घोट्याच्या पुढे मी जाणार नाही, हे वचन. त्याच्या आत तिने कुठेही 'थांबा' म्हणायचं, तिथे मी थांबायचं. मी चादर नेली. मांडी. गुडघा. नडगी. छत्री थिजत चालली. घोट्याच्या चार बोटं अलीकडे मीच थांबले.

"तुम्ही थांबलात," नंतर तो मला म्हणाला. "ती नाही."

नवव्या शनिवारीही तसंच. फक्त शेवटी, अगदी घोट्याजवळ, तिचे ओठ हलले. आवाज आला नाही. मी थांबून विचारलं, "काही म्हणालीस?" ती म्हणाली, "गुडघ्याच्या वर." इतक्या हळू की मला कान जवळ न्यावा लागला. मी चादर गुडघ्याच्या वर घेतली. तिने मोठा श्वास सोडला. त्या दिवशी आकडा पाचवरून पाचवरच राहिला. आम्ही दोघं, मी आणि कसंवाटतंय, इस्पितळाच्या उपाहारगृहात चहा प्यायला गेलो. पैसे कुणी द्यायचे यावरून भांडलोही.

दहाव्या शनिवारी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. हातात छत्रीची फाइल. दाराबाहेर काचेपलीकडे त्या दिवशी लवकर सुटून आलेली तिची आई, हाताची घडी घालून, नियमाप्रमाणे गप्प. मला धडकी भरली. पाहुणे आले की शाळेत सगळ्यात शहाणी मुलगी काय करते ते मला ठाऊक आहे. ती शहाण्यासारखी वागते.

आसनं झाली. मुलं आडवी झाली. छत्रीने दाराकडे एकदा बघितलं, हनुवटी सरळ केली, तळवे वर ठेवले, आणि तिचा श्वास दिसेनासा झाला. शवासनात पहिली, अगदी होती तशी.

मी चादर तिच्या कमरेवर ठेवली आणि खाली न्यायला लागले. मांडी. काही नाही. गुडघा. काही नाही. खोलीत थंड हवेच्या यंत्राची घरघर तेवढी. समुपदेशक भिंतीपाशी ताठ बसला होता. नडगीपर्यंत आले. मला थांबावंसं वाटत होतं. देवाशपथ, चादर फेकून द्यावीशी वाटत होती. पण मी थांबले असते तर तिला पत्र मिळालं नसतं. मी आणखी एक बोट पुढे गेले.

"बास!"

आवाज इतका मोठा होता की टोपी उठून बसली.

"बाई, वर घ्या. अजून वर. गुडघ्याच्या वर म्हटलं होतं ना मागच्या शनिवारी? किती वेळा सांगायचं तुम्हाला?"

"चुकलं," मी म्हटलं आणि चादर वर घेतली.

"आणि कड खोचू नका. मला गुदमरल्यासारखं होतं." मग तिने नाक खाजवलं. पाठ चटईवर इकडून तिकडे घासली, डावा गुडघा वर केला, खाली केला. 'एक'ने काहीतरी पुटपुटलं तर त्याला म्हणाली, गप रे, मी आराम करतेय. असं भिकार शवासन मी एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

दाराशी डॉक्टरीणबाईंनी भिंतीला कागद लावून लिहायला घेतलं होतं. काचेपलीकडे आईने तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. मी चौघांकडे वळले, कारण ते माझं काम आहे.

"हिच्याकडे बघा," मी म्हटलं. "शिका जरा हिच्याकडून."